ॲम्प्लिफायर गेला नव्हता, भाऊ!

प्रति,
गाड्यांना साउंड सिस्टिम बसवून देणारे भाऊ,
वाशीम जिल्हा

भाऊ,

"गेला तुमचा ॲम्प्लिफायर. आता नवाच टाका लागते."

हे तुमचं वाक्य. माझ्या भाच्याच्या गाडीची डिक्की उघडून, वाकून एकदा आत डोकावून, डब्यावर बोटांनी टकटक करून तुम्ही ते बोललात. मीटर हातात घेतला नाही. बोनेट उघडलं नाही. एक स्क्रू सैल आहे का तेही पाहिलं नाही. निकाल मात्र लागला आणि दंडही ठरला. नव्या ॲम्प्लिफायरचे साडेसहा हजार, मजुरी वेगळी, आणि जुना डबा म्हणे "भंगारात घेऊन टाकतो". ज्या डब्याला तुम्ही मेलेला ठरवलंत, तो आज त्याच गाडीत, त्याच जागी वाजतो आहे. त्याला काहीही झालेलं नव्हतं. जे बिघडलं होतं ते तुमच्याच हातचं काम होतं. म्हणून हे पत्र, आणि म्हणूनच ते जाहीर.

तुमचं नाव, दुकान, गाव मी लिहीत नाही. दया म्हणून नव्हे. तुमच्या हातची वाटावीत अशी कामं मी जिल्ह्यातल्या कितीतरी गाड्यांत पाहिली आहेत, आणि नाव लिहिलं की बाकीचे सुटल्याचा श्वास टाकतील. ज्याला टोपी बसेल त्यानं ती घालावी. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात उमेदीची वर्षं घालवली. माझ्यासमोर बसून शिकलेली पोरं आज अशाच दुकानांच्या काउंटरमागे उभी आहेत. त्यांतल्या कुणी मीटर न लावता "गेला" म्हटलं, तर मला राग येतो. तो लपवण्याचं काही कारण मला दिसत नाही.

गाडी कुणाची तेही सांगतो. भाचा गाडी भाड्यानं चालवतो. रामनवमीला पोहरादेवी, एरवी कारंज्याचं गुरुमंदिर, शिरपूरचं अंतरिक्ष पार्श्वनाथ, लग्नसराईत वऱ्हाडाची ने-आण, आणि शेलूबाजारहून समृद्धी महामार्गावर चढून शिर्डी. लांबच्या भाड्याला गाडीत गाणी लागतात. भजनं लागतात, हळदीची गाणी लागतात. मागच्या दिवाळीआधी घरचं सोयाबीन विकून आलेल्या पैशांतून त्यानं तुमच्याकडून चार चॅनलचा ॲम्प्लिफायर आणि १२ इंची वूफर बसवून घेतला. वर्षभर वाजला. यंदाचा पावसाळा सरता सरता एकदम मुका झाला. पोरगा तुमच्याकडेच आला, कारण बसवणारे तुम्ही. विश्वास होता त्याचा.

आता मी काय पाहिलं ते ऐका.

डेक चालू केला की ॲम्प्लिफायरचा दिवा क्षणभर लुकलुकायचा आणि विझायचा. हे तुम्हालाही दिसलं असणार, तुमच्या डोळ्यांसमोरच होतं. मेलेला डबा लुकलुकत नाही, भाऊ. तो उठायला बघत होता आणि त्याला उठायला ताकद मिळत नव्हती. ॲम्प्लिफायरला जागं व्हायला तीनच गोष्टी लागतात आणि त्या तिन्हींच्या जागा डब्यावर छापलेल्या असतात. एक, बॅटरीकडून थेट येणारी जाड प्लस वायर. दोन, गाडीच्या बॉडीला जाणारी तितकीच जाड अर्थिंगची वायर. तीन, डेककडून येणारी बारीक रिमोटची वायर, बहुतेक वेळा निळी आणि तिच्यावर पांढरी रेघ. डेक सुरू झाला की या निळ्या वायरवर १२ व्होल्ट येतात आणि ॲम्प्लिफायरला कळतं की उठायचं आहे. या तिघींपैकी एक जरी नीट नसेल तर जगातला सगळ्यात महागडा ॲम्प्लिफायरसुद्धा गप्प बसतो. तो गप्प बसला म्हणून मेला, असं कुठल्या पुस्तकात लिहिलं आहे?

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवला. प्लस आणि अर्थिंग यांच्यामध्ये लावला. १२.५ व्होल्ट. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीला एवढेच हवेत. नवशिका इथेच फसतो. आकडा पुरा दिसला की त्याला वाटतं, करंट येतोय, म्हणजे डबाच खराब. पण मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. अर्थिंग केसाएवढ्या जागेवर टेकलेली असली तरी मीटर तुम्हाला पूर्ण व्होल्टेज दाखवील. खरी परीक्षा भार पडल्यावर होते. मीटर तसाच धरून भाच्याला डेक चालू करायला सांगितला. दिवा लुकलुकला आणि आकडा १२.५ वरून थेट ६ च्या घरात कोसळला. दिवा विझला, आकडा परत वर. म्हणजे भार आला की वाटेत कुठेतरी अर्धं व्होल्टेज खाल्लं जात होतं.

कुठे, ते शोधायला मीटरच पुरतो. काळी पिन बॅटरीच्या मायनसवर, लाल पिन ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगच्या टर्मिनलवर, आणि डेक चालू. लांब वायर घ्यावी लागते, पण एवढे कष्ट सोसण्यासारखे आहेत. जोड चांगला असेल तर इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी दिसायला हवं. दिसले ६ व्होल्ट. निदान झालं. ॲम्प्लिफायर निर्दोष, प्लस वायर निर्दोष, दोष अर्थिंगचा. या सगळ्याला चहा निवायच्या आत उत्तर मिळालं.

मग डिक्कीतलं कार्पेट उचललं, आणि तुमची कारागिरी उजेडात आली. पत्र्यावर कंपनीचा रंग तसाच. रंगावर काळ्या सीलरचा थर तसाच. त्या दोन्हींच्या वरून तुम्ही एक पत्र्याचा स्क्रू ठोकून फिरवलेला, आणि वायरचं टोक सोलून त्या स्क्रूच्या मानेला गुंडाळलेलं. थिंबल नाही, वॉशर नाही, नट नाही. बोट लावलं तर स्क्रू फिरला. बाहेर काढला तेव्हा भोकाच्या कडेला तांबूस गंज होता, आटे भुगा होऊन बोटाला लागले, आणि वायरच्या तारांची एक बाजू काळी पडून एकमेकींना चिकटलेली होती. त्या जागेवर ठिणग्या पडत होत्या याचा तो पुरावा.

वर्षभर तरी कसा वाजला, असं तुम्ही विचाराल. सांगतो. रंगाचा थर करंट जाऊ देत नाही, पण स्क्रूचे आटे पत्र्याच्या कापलेल्या कडेला टेकतात. तेवढ्यावर तुमचं काम उभं होतं. पहिले काही महिने ती कड ताजी, चकचकीत. मग पावसाळा आला, डिक्कीत ओल्या ताडपत्र्या आणि पाण्याचे कॅन आले, आपल्या रस्त्यांनी गाडी हादरली, कड गंजली, स्क्रू सैल झाला. तुम्ही काम केलंत तेव्हाच ते बंद पडायची तारीख ठरलेली होती, फक्त ती तुम्हाला ठाऊक नव्हती.

नीट काम कसं करतात ते तुम्हाला कुणी शिकवलं नसेल तर इथे वाचा. वायरब्रशनं किंवा सँडपेपरनं रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी जागा पांढऱ्या पत्र्यापर्यंत घासायची. वायरला क्रिंप केलेलं थिंबल. आरपार नट-बोल्ट आणि दातेरी वॉशर. घट्ट आवळल्यावर वरून ग्रीस किंवा रंग, गंज धरू नये म्हणून. अर्थिंगची वायर प्लस वायरइतकीच जाड आणि जमेल तितकी आखूड, अर्ध्या मीटरच्या आत. आणि सीटबेल्टच्या बोल्टला हात लावायचा नाही. तो बोल्ट माणसाचा जीव धरून ठेवण्यासाठी आहे, तुमची वायर धरून ठेवण्यासाठी नाही. तुमच्या कामाच्या जागी भाच्यानं आणि मी हे केलं. डेक चालू केला. दिवा लागला, लागलेला राहिला, आणि गाणं सुरू झालं. खर्च एका थिंबलचा, एका बोल्टचा.

आपल्याकडच्या शेतकऱ्याची विहिरीवरची मोटर बंद पडली तर तो काय करतो? आधी टेस्टर घेऊन तिन्ही फेज आहेत का बघतो. मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबलचा जोड. हे सगळं झाल्यावर, अगदी शेवटी, मोटर वर काढायचा विचार. अंगठेबहाद्दर म्हातारासुद्धा मोटरीपासून सुरुवात करत नाही, कारण मोटर काढणं महाग असतं आणि ते पैसे त्याच्या खिशातून जातात. तुम्ही मोटरीपासून सुरुवात केलीत, कारण पैसे तुमच्या खिशातून जाणार नव्हते. उलट येणार होते.

इथवर असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. भाच्याला म्हटलं असतं, पुन्हा त्या दुकानी जाऊ नकोस, आणि विषय संपला असता. पण मग मी बोनेटखाली नीट पाहिलं.

बॅटरीच्या शेजारी तुम्ही फ्यूज होल्डर लावला आहे. जागा बरोबर आहे. बॅटरीपासून प्लस वायर निघाली की ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवाच, आणि तुमचा होता. होल्डरचं पारदर्शक झाकण काढलं. आतल्या फ्यूजची पट्टी जळालेली होती आणि त्या जळालेल्या फ्यूजवरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तांब्याच्या तारांचा पेड गुंडाळलेला होता. भाच्याला विचारलं. तो म्हणाला, उन्हाळ्यात एकदा फ्यूज उडाला होता, भाऊंनी "पाच मिंटात" करून दिलं होतं, पैसेसुद्धा घेतले नव्हते.

भाऊ, त्या पाच मिनिटांत तुम्ही काय केलंत ते मी स्पष्ट लिहितो. फ्यूज हा ॲम्प्लिफायर वाचवायला नसतो. ॲम्प्लिफायरचे स्वतःचे फ्यूज त्याच्या अंगावर असतात. बॅटरीजवळचा फ्यूज वायर वाचवायला असतो, आणि वायर वाचवणं म्हणजे गाडीतली माणसं वाचवणं. तुमची प्लस वायर बोनेटमधून पत्र्याच्या भोकातून आत येते. त्या भोकाला तुम्ही रबरी ग्रोमेट बसवलेलं नाही. पुढे ती कार्पेटखालून, सीटच्या रुळांजवळून, मागे जाते. पत्र्याच्या धारेवर ती रोज घासते. ज्या दिवशी तिचं प्लॅस्टिक कापलं जाईल त्या दिवशी उघडी तार बॉडीला टेकेल, आणि स्टार्टरला शंभराहून जास्त अँपिअर पुरवणारी बॅटरी तेवढाच, किंबहुना त्याहून जास्त, करंट त्या वायरमध्ये ढकलेल. फ्यूज असता तर तिथेच उडाला असता, गाणं बंद झालं असतं, एवढंच. तुमच्या तांब्याच्या पेडामुळे फ्यूज उडणार नाही, वायर तापून लाल होईल, आणि वायर कार्पेट आणि फोमच्या खाली आहे.

समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यात कारंजा, मंगरुळपीर आणि मालेगाव या तालुक्यांतून जातो. तिथे मोटारींना १२० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजाजवळ, याच रस्त्यावर खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं जळून गेली. ती आग वायरिंगची नव्हती, अपघाताची होती, हे मी मुद्दाम लिहितो. पण वाहन पेटल्यावर आतल्या माणसाला किती वेळ मिळतो, हे त्या पहाटेनं आपल्या सगळ्यांना दाखवलं. हे ठाऊक असताना प्रवासी वाहणाऱ्या गाडीच्या फ्यूजवर तार गुंडाळणारा हात कुणाचा असू शकतो? आणि तो फ्यूज का उडाला, हा प्रश्न तुम्हाला का पडला नाही? फ्यूज उगाच उडत नाही. उडालेला फ्यूज काहीतरी सांगत होता, तुम्ही तांब्याची तार गुंडाळून त्याचं तोंड बंद केलंत.

आता त्या प्लस वायरबद्दल. भाच्याला तुम्ही ती "प्युअर कॉपर" म्हणून दिलीत. ब्लेडनं एक तार खरवडली. वरचा लाल मुलामा निघाला आणि आत पांढरं ॲल्युमिनियम निघालं. ॲल्युमिनियमची करंट वाहण्याची क्षमता तांब्याच्या साधारण ६० टक्के असते. म्हणजे तेवढंच काम करायला ती वायर कितीतरी जाड हवी. तुम्ही दिलेली वायर बाहेरून जाड होती, कारण तिचं प्लॅस्टिक जाड होतं. ॲल्युमिनियमची वायर विकणं हा गुन्हा नाही. तांब्याची म्हणून विकणं ही फसवणूक आहे. कदाचित तुम्हालाही होलसेलवाल्यानं तसंच सांगितलं असेल. पण ब्लेड तुमच्याही दुकानात आहे.

ॲम्प्लिफायरच्या खोक्यावर छापलेल्या ४८०० वॉटबद्दल तर मी भाच्यासमोर कागदावर हिशेब मांडला, तो तुम्हीही बघा. डब्याच्या अंगावर ३० अँपिअरचे दोन फ्यूज आहेत. म्हणजे जास्तीत जास्त ६० अँपिअर. इंजिन चालू असताना व्होल्टेज धरा १३.८. गुणाकार केला की ८२८ वॉट. एवढी वीज आत जाऊ शकते. त्यातली बरीचशी उष्णता होऊन पंख्यांवाटे उडते. या जातीच्या ॲम्प्लिफायरमधून फार तर ५०० वॉट बाहेर येतील. आत ८२८ जातात आणि बाहेर ४८०० येतात, असा डबा निघाला असता तर महावितरणनं गावोगावी तोच बसवला असता. हा आकडा तुम्ही छापला नाही, कबूल. पण गिऱ्हाइकाला तो दाखवून, त्याच्यावर बोट ठेवून किंमत तुम्ही वाढवलीत. आणि छोट्या पेट्रोल गाडीच्या ३५ अँपिअर-अवर बॅटरीवर एवढा भार लग्नाच्या मांडवाबाहेर इंजिन बंद करून वाजवला तर गाडी ढकलून चालू करावी लागेल, हे सांगायचं मात्र विसरलात.

समजा अर्थिंग नीट असती, फ्यूज नीट असता, तरीही आवाज नसता. तेव्हा काय करायचं, हेही लिहितो, कारण पुढचं गिऱ्हाईक दारात उभं असेल.

दिवाच लागत नसेल तर रिमोटची वायर तपासा. डेक चालू असताना तिच्यावर १२ व्होल्ट नसतील तर प्लसच्या टर्मिनलवरून रिमोटच्या टर्मिनलला वायरचा छोटा तुकडा क्षणभर लावून पाहा. डबा उठला तर डबा चांगला आहे, निळी वायर तुटली आहे किंवा डेकच्या मागे चुकीच्या ठिकाणी जोडली आहे. शेतात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत ही बारीक वायर उंदीर आधी तोडतात, हे मी कितीदा पाहिलं आहे.

लाल दिवा लागत असेल तर ॲम्प्लिफायरनं स्वतःला वाचवण्यासाठी काम थांबवलं आहे. ते त्याचं शहाणपण आहे, मृत्यू नव्हे. सगळ्या स्पीकरच्या वायरी आणि डेककडून सिग्नल आणणाऱ्या आरसीए पिना काढा. मग चालू करा. तरीही लाल, तर दोष आत आहे. दिवा हिरवा झाला, तर दोष बाहेर आहे. एकेक वायर परत लावत जा, ज्या वायरीला लाल होईल ती गुन्हेगार. बहुतेकदा दाराच्या बिजागरीत किंवा सीटच्या रुळाखाली चेपलेली वायर बॉडीला टेकलेली सापडते. किंवा कुणीतरी ४ ओहमचे दोन वूफर समांतर जोडून २ ओहम केलेले असतात, आणि ब्रिज केलेल्या, म्हणजे दोन चॅनल एकत्र जोडलेल्या, डब्याला ४ च्या खाली चालत नाही. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना डबा सीटखाली, वर गोणपाट, हवा शून्य, अशी स्थिती असेल तर तो तापूनही बंद पडतो आणि गार झाला की परत वाजतो. अशा डब्याला सावली आणि हवा द्या, नवा डबा विकू नका.

हिरवा दिवा आहे आणि तरी आवाज नाही, तर सिग्नल आणि स्पीकर पाहायचे. स्पीकरच्या दोन्ही वायरी ॲम्प्लिफायरवरून काढा आणि पेन्सिल सेलच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. स्पीकर "ठक्" करतो, त्याचा कागद पुढे किंवा मागे हलतो. हलला म्हणजे स्पीकर आणि वायर दोन्ही ठीक. दीड व्होल्टचा सेल, भाऊ! याच्याहून स्वस्त यंत्र जगात नाही. नंतर डेककडून येणाऱ्या आरसीए पिना काढून त्याऐवजी मोबाईलवरून आरसीएची वायर लावा. गाणं वाजलं तर दोष डेककडे. पिना काढताना आणि लावताना सिस्टिम बंद ठेवा; चालू डेकवर पिना ओढणाऱ्यांनी कितीतरी चांगल्या डेकच्या आतली अर्थिंगची बारीक रेघ जाळली आहे, आणि मग इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी आयुष्यभर ऐकू येते. डेकच्या मेनूत सबवूफर बंद केलेला नाही ना, फेडर एकाच टोकाला नाही ना, डब्यावरचं फिल्टरचं बटण चुकून फिरलेलं नाही ना, हे तर बोटानं बघायचं काम आहे.

हे सगळं करूनही दोष आतच निघाला, तरीसुद्धा डबा भंगारात जात नाही. आतले पॉवर ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेले असतात, ते बदलता येतात. इन्व्हर्टर आणि डीजेचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारे चांगले हात आपल्या तालुक्यांच्या गावी आहेत. टेबलावर सोल्डरिंग आयर्न, डोळ्यावर जाड चष्मा, आणि तोंडातून "आधी बघतो" याखेरीज शब्द नाही. त्यांच्यासमोर मी आदरानं उभा राहतो. तुम्ही त्यांच्याच धंद्यातले म्हणवता, पण तुम्ही बघत नाही, विकता.

पोरानं बिल मागितलं होतं तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, "बिल काऊन पाह्यजे भाऊ, आपलं घरचंच काम हाये." घरचं काम असतं तर घरच्या पोराच्या गाडीत फ्यूजवर तार गुंडाळली असतीत का? बिल नसलं की तांब्याच्या वायरची ॲल्युमिनियम होते, हमी तोंडी राहते, आणि वर्षानं "गेला" म्हणायला तुम्ही मोकळे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तू आणि सेवेतली त्रुटी या दोन्हींसाठी दाद मागता येते. त्यासाठी वाशीमला जिल्हा आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. हे तुम्हाला धमकी म्हणून नाही, माहिती म्हणून सांगतो. तुम्ही नीट काम केलंत तर यातलं काहीही तुमच्या वाटेला येणार नाही.

माझं तुमच्याकडे मागणं थोडं आहे. चार-पाचशे रुपयांचा मीटर घ्या आणि तो काउंटरखाली नको, हातात ठेवा. तुम्ही ज्या गाड्यांच्या फ्यूजवर तारा गुंडाळल्या आहेत त्या तुम्हाला आठवत असतील. गाव छोटं आहे, गिऱ्हाइकांचे नंबर तुमच्या मोबाईलमध्ये आहेत. त्यांना फोन करा, बोलावून घ्या आणि नवे फ्यूज बसवून द्या. पाचपन्नास रुपयांचं काम आहे. हे तुम्ही केलंत तर भाच्याला मी स्वतः पुन्हा तुमच्या दुकानी पाठवीन.

आणि वाचकहो, तुमच्या गाडीत नंतर बसवलेली सिस्टिम असेल, तर आज बोनेट उघडून बॅटरीजवळच्या फ्यूजचं झाकण काढून पाहा. आत तार गुंडाळलेली दिसली, तर बॅटरीचं मायनस काढा आणि दुरुस्त होईपर्यंत ते लावू नका. कुणी "ॲम्प्लिफायर गेला" म्हणालं, तर त्याला मीटर लावून आकडा दाखवायला सांगा. कामाचं पक्कं बिल घ्या. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आपला,
वाशीम जिल्ह्यातला एक माजी आयटीआय शिक्षक